सोयरातलं विरजण

ईश्वरी सून म्हणून घरात आली त्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं, "बाई, या घरात कुजकं-नासकं टिकत नाही. शिळं राहत नाही, उष्टं राहत नाही." तिनं गोड हसून मान हलवली. मला वाटलं, पोरगी गुणाची आहे. आणि दोन वर्षांत त्याच गुणाच्या पोरीनं कुजकं खाऊन जगणारा एक जीव माझ्या परसदारी आणून बसवला. माझ्याच नव्हे, उंबरपूरच्या घराघरांत.

ती नगरपरिषदेत इंजिनिअर. लोक विचारायचे, "शालनकाकू, सून काय करते?" तेजस, माझा मुलगा, ऐटीत सांगायचा, "पर्यावरण अभियंता." मी सांगायची, "गावाचा कचरा बघते." खोटं कशाला बोलायचं?

आमच्या गावाचा कचरा तेव्हा गायरानातल्या खड्ड्यात जायचा. उन्हाळ्यात खड्डा आपोआप पेटायचा आणि वारा फिरला की वाळत घातलेल्या पापडांना धुराचा वास लागायचा. माझ्या पापडांना! मी त्या खड्ड्याला आणि खड्ड्यात ट्रक रिकामे करणाऱ्या बाबासो पिराळ्याला इतक्या शिव्या घातल्यात की तो नगरसेवक झाला तरी मला बघून रस्ता बदलायचा. पण म्हणून कचरा घरातच ठेवायचा?

गेल्या दिवाळीनंतर डेरा आला तो दिवस मला नीट आठवतो. गुडघ्याएवढा उंच, मातीच्या रंगाचा, पोटाशी गरगरीत. वर झाकण, बाजूनं एक नळी निघून थेट शेगडीला, आणि गळ्याशी शेंगदाण्याएवढा दिवा. नगरपरिषदेच्या भाषेत तो 'गृहऊर्जा कुंभ'. गावानं पहिल्या दिवसापासून डेराच म्हटलं.

"यात टाकायचं काय?" मी विचारलं.

"ओलं सगळं. सालं, देठं, खरकटं, नासलेलं दूध."

"आणि निघायचं काय?"

"सकाळी स्वयंपाकाचा गॅस. खाली जो गाळ उरेल तो तुमच्या जास्वंदीला."

"सकाळी? रात्रीत? मला शिकवू नकोस, ईश्वरी. माझ्या माहेरी गोबरगॅस होता. महिना-महिना लागायचा."

मग तिनं मला बसवून सांगितलं. मी चौथी शिकलेली, पण समजून सांगितलं तर समजतं मला. आत तीन तऱ्हेचे जंतू असतात म्हणाली. एक कचरा मोडतो, दुसरा आंबवतो, तिसरा त्याचा गॅस करतो. पूर्वी एकाचं काम झालं की ते पाण्यातनं तरंगत तरंगत दुसऱ्यापर्यंत पोचायचं, त्यात दिवस जायचे. हे जे नवे जंतू हिच्या लोकांनी निवडून काढले त्यांना केसापेक्षा बारीक तंतू असतात आणि त्या तंतूंतनं ते एकमेकांना थेट वीज देतात. डेऱ्यात कोळशाचे तुकडे असतात. त्या कोळशावर या तंतूंचं जाळं विणलं जातं. जाळं एकदा पुरं झालं की काम हातोहात.

"म्हणजे जावाजावांचं पटलं की पंगतीचा स्वयंपाक कसा भराभर उरकतो, तसं," मी म्हणाले.

"अगदी तसं, आई. फक्त पटायला वेळ लागतो. बाटलीतलं बी आणलं तर जाळं विणायला तीन महिने. आणि प्रत्येक घरचं जाळं त्या घरच्या खाण्याला सरावतं. सरावलं की मग बघायला नको."

तसंच झालं. पहिले तीन महिने डेरा नुसता बसून खात होता. चौथ्या महिन्यात एका सकाळी निळी ज्योत लागली आणि मी तिच्यावर चहा केला. चहाला कसलाही वास नव्हता. मी दोनदा हुंगून बघितला.

गावानं डेरा आपला केला तो ईश्वरीच्या एका वाक्यानं. रिक्षावर कर्णा लावून गल्लोगल्ली ते वाक्य फिरलं होतं: "याला यंत्र समजू नका, आपल्या स्वयंपाकघरातलं एक भांडं समजा." बायकांनी ते मनावर घेतलं. कुणी डेऱ्याला हळदीकुंकू लावलं, कुणी त्याला विणलेलं झाकण घातलं. सिलिंडर गेले, खड्डा विझला, पापड पुन्हा पापडासारखे लागायला लागले. ईश्वरी रस्त्यानं निघाली की बायका हाक मारून तिला बसवायच्या. मी तोंडावर काही बोलले नाही. सुनेचं कौतुक तिच्या तोंडावर करायची आमच्यात रीत नाही.

आणि भाद्रपद सरता सरता, घट बसायच्या दोन दिवस आधी, तिला मुलगी झाली.

माहेर तिचं नाशकात. आईनं कितीदा बोलावलं, पण हिला डेरे सोडून जायचं नव्हतं. म्हणून बाळंतपण माझ्याकडं. मी कमरेला पदर खोचला. अळीव, डिंक, बाळंतशोपा आणि रोजच्या रोज शेपू. शेपू तसाही माझ्या घरात बारमाही. आमचे मालक चाळीस वर्षं नाक मुरडत तो खातायत. तेजस ताटातली भाजी भातानं झाकतो. खायचा तो खावाच लागतो. आता बाळंतीण घरात, तेव्हा तर दोन्ही वेळा.

मुलगी झाली म्हणजे घराला सोयर. दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, घट बसवायचा नाही. आमच्या घरचं पाणी-मीठ कुणी घ्यायचं नाही, आम्ही कुणाला द्यायचं नाही. या बाबतीत आमच्या तांबट गल्लीत माझा शब्द शेवटचा. कुणाचं सुतक कितीचं, कुणाचं सोयर कधी फिटतं, सगळे मला विचारतात. मागल्या साली शेजारच्या सुनंदा चौगुलेच्या घरी सुतक होतं. माझं मीठ संपलेलं बघून तिनं वाटी भरून पाठवली, तर ती मी दारातनं परत केली आणि आळणी भाजी खाल्ली. रीत म्हणजे रीत.

घटच बसायचा नाही म्हणून आम्ही घरही काढलं नाही. नवरात्राआधी घर काढायचं म्हणजे काय ते ज्यांनी काढलंय त्यांनाच माहीत. माळ्यावरच्या पातेल्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळं बाहेर, सगळं धुवायचं. पण ओल्या बाळंतिणीच्या घरात फिनेल-पाणी कोण करतं? मी नुसती ओट्यावर बसून गल्ली बघत होते. सर्वपित्रीचा दिवस. दारादारांत भांड्यांचे ढीग, वाळत घातलेल्या गोधड्या. बायका भांडी घासतायत, आणि भांड्यांतच त्यांचा डेराही.

झाकण काढून काळं पाणी गटारात. मग उकळतं पाणी. मग चिंच-मीठ. आतले कोळसेसुद्धा एकेक करून ब्रशनं घासून सुपात उन्हाला घातलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले. सुनंदाचा डेरा तर असा लखलखीत झाला होता की मनात म्हटलं, शेजारीण माझ्यासारखीच आहे.

गावाबाहेर बाजारपेठेच्या कचऱ्याचा मोठा डेरा आहे, हौदाएवढा. तिथले कामगार कसे मागं राहतील? नगराध्यक्षा पूजेला येणार म्हणून त्यांनी तो ब्लीचिंग पावडर टाकून धुतला आणि दाराला झेंडूचं तोरण बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसायचे. मी शेगडीवर ईश्वरीसाठी खीर ढवळत होते, तोच कुंपणापलीकडून सुनंदाची हाक आली.

"शालन, तुझ्याकडं गॅस आहे काय गं?"

"आहे की."

"माझा फुसफुस करून विझला."

तेवढ्यात समोरची ओरडली, माझाही. कोपऱ्यावरची ओरडली, माझाही. मी खिरीचं पातेलं उतरवून आत गेले. ईश्वरी बाळाला मांडीवर घेऊन फोनकडं बघत होती. तिच्या फोनवर सबंध गावाचा नकाशा असतो, घरोघरच्या डेऱ्याचा दिवा त्यात दिसतो. एरवी तो नकाशा मुगाच्या शेतासारखा हिरवागार. त्या दिवशी सगळा लाल.

"काय केलं यांनी, आई?"

"घर काढलं," मी म्हणाले. "तूच तर सांगितलंस, भांडं समजा. आम्ही भांडं घासतो."

तिनं तोंडावर हात घेतला. मग हसायला लागली, मग तिचे डोळे भरले. एका दिवसात सगळं जाळं तुटलं होतं. नव्या बियानं पुन्हा विणायचं तर तीन महिने. आणि नवरात्राच्या पहिल्याच दिवशी गावात चहाला विस्तव नाही.

मग तिनं नकाशा दोन बोटांनी मोठा केला. तांबट गल्लीत एकच ठिपका हिरवा होता.

"आई, हा आपला."

दुपारपर्यंत नगरपरिषदेतनं निरोप आला. बाबासो पिराळ्यानं खास सभा मागितली होती, सातव्या माळेला. विषय एकच: ही योजना गुंडाळायची, डेरे उचलायचे आणि गायरानातला खड्डा पुन्हा उघडायचा. ठराव झाला तर ईश्वरीची जागाही गेली. जागेचं तिला तेवढं नव्हतं. ती म्हणाली, "एकदा खड्डा उघडला ना आई, की पुन्हा कुणी बंद करत नाही. माझी ही मुलगी त्या धुरात वाढेल."

"मग उपाय काय?"

"आपला कोळसा जिवंत आहे. त्याचा तुकडा दुसऱ्याच्या डेऱ्यात टाकला तर दोन रात्रींत जाळं धरेल. बाटलीतलं बी म्हणजे नुसते सुटे जंतू. हे विणलेलं आहे, विरजणासारखं लागतं."

"मग लाव की. बसलीस काय?"

तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं.

"आई, आपल्याला सोयर आहे. आठव्या माळेला फिटतंय. सभा सातव्या माळेला आहे."

माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं, आणि आलं तसं मी खाली बसले.

"मी स्वतः असलं काही मानत नाही, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "पण हे घर तुमचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी झाकण उघडणार नाही."

हिनं हट्ट धरला असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते. हिनं मान ठेवला आणि माझी पंचाईत केली.

मी परसात गेले. डेऱ्याजवळ बसले. आत बारीक बुडबुड चालली होती, पोट भरलेल्या बाळासारखी. लोक काय म्हणतील याचा विचार करायची मला गरज नव्हती, कारण तांबट गल्लीत लोक म्हणजे मीच. जे मी सुनंदाला बोलले होते ते आता मलाच कुणीतरी बोलणार. ज्या घराच्या शब्दावर चार घरं चालतात त्या घरानं स्वतःचा शब्द मोडायचा म्हणजे पुढं त्या शब्दाला कोण विचारतं? आणि नाही मोडला, तर सातव्या माळेनंतर माझ्या पापडांना, माझ्या जास्वंदीला, आत निजलेल्या त्या चिमुरडीला तो धूर.

मालक दारात येऊन उभे राहिले. "काय ठरलं?"

"तुम्ही काय म्हणता?"

"मी चाळीस वर्षांत काही म्हटलंय?"

मी अडकित्ता मागितला. ईश्वरीनं खाटेवरून सांगितलं तसा चिमट्यानं एकेक कोळसा काढला, अडकित्त्यानं फोडला, कोमट पाण्याच्या वाटीत टाकला. निम्मे कोळसे काढायचे, निम्मे ठेवायचे. पहिली वाटी घेऊन मी निघाले ती सुनंदाच्याच दाराशी. सगळ्यात अवघड घर आधी उरकावं.

"सुनंदा, तुझा डेरा उघड."

ती बाहेर आली आणि जागीच थांबली. "तू कशी आलीस? सोयर ना तुझ्या घरात?"

"आहे."

"मग?"

"मग काय मग. डेऱ्याचं विरजण आणलंय."

"अगंबाई!" तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. किती दिवस वाट बघत होती देव जाणे. "मागल्या साली माझं मीठ दारातनं परत धाडलंस. मूठभर मीठ! माझ्यादेखत आळणी भाजी खाल्लीस."

"खाल्ली."

"आणि आज स्वतः वाटी घेऊन?"

"आज स्वतः. मीठ नैवेद्यात जातं सुनंदा. हे कशात जाणार? तुझ्या घरच्या खरकट्यात. खरकट्याला कसला आलाय विटाळ?"

"माझ्या घरात घट बसलाय."

"घट पुढच्या खोलीत, डेरा परसात. म्हणून तर परसदारानं आलेय."

तिनं माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, आणि तिला हसू फुटलं. "कायदा तुझाच आणि पळवाटही तुझीच!"

"मग काय, दुसऱ्याच्या कायद्यात पळवाट काढत फिरू?"

"मिठाचं मी विसरायची नाही हं."

"नको विसरूस. जन्मभर बोलून दाखव. पण आता झाकण उघड, पाणी कोमट घाल, आणि फिनेलचा हात लावशील तर याद राख."

सुनंदानं घेतलं म्हटल्यावर गल्लीला बोलायला तोंड राहिलं नाही. संध्याकाळपर्यंत तांबट गल्लीतल्या घराघरांत आमच्या डेऱ्याचा कोळसा पडला. दिवे लालाचे पिवळे झाले. बायका उठता-बसता दिव्याकडं बघायला लागल्या.

तिसऱ्या माळेच्या सकाळी ते हिरवे व्हायला हवे होते. झाले नाहीत. पिवळ्यावरच अडून बसले.

"शालन, तुझं विरजण रुसलंय," सुनंदा कुंपणावरून म्हणाली. "मालकिणीवर गेलंय."

मी चिडून ईश्वरीकडं गेले. ती सकाळपासून आकड्यांत डोकं घालून बसली होती. बाळ एका हातावर, फोन दुसऱ्या हातात. जंतूंचा एक गट नव्या घरी जेवतच नाही म्हणाली. मग एकाएकी वर बघितलं.

"आई, आपल्या डेऱ्यात शेपूची देठं किती पडतात?"

"रोजची. आता तर दोन्ही वेळची."

"आणि त्याआधी?"

"आठवड्यातनं चारदा. का? आता त्यातही खोट काढणार?"

ती हसत सुटली. टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली. शेपूत एक उग्र तेल असतं, म्हणाली. पुष्कळ जंतूंना ते सोसत नाही. माझ्या डेऱ्यात वर्षभरात जे टिकले ते शेपू पचवून टिकलेले, आणि आता त्यांना त्याच्याशिवाय भूकच लागत नव्हती. "जाळं धरलंय आई, पण शेपू मिळत नाही म्हणून कामाला हात लावत नाहीत."

"डोहाळे लागलेत म्हण की."

"तसंच. एकदा जोर धरला की हळूहळू सवय मोडू. पण आत्ता प्रत्येक डेऱ्याला मूठभर शेपू हवा."

ज्या शेपूवर आमच्या मालकांनी चाळीस वर्षं नाक मुरडलं, त्या शेपूसाठी नगरपरिषदेनं रिक्षावर कर्णा लावला! मी ओट्यावर उभी राहून तीनदा ऐकला. बाजारातला शेपू तासाभरात संपला. शेजारच्या गावांतनं टेम्पोनं आणला. आता, चांगली पानं डेऱ्यात फेकायची कुणाच्या जिवावर येईल? बायकांनी देठं डेऱ्याला घातली आणि पानांची भाजी केली. ज्यांचा नऊ दिवसांचा उपास होता ते सुटले. बाकी अख्ख्या उंबरपुरानं शेपू खाल्ला. पोरं शेतातल्या आजोळी पळाली तर तिथंही तेच ताटात. रस्त्यानं जाणारी माणसं माझ्याकडं बघायची आणि ढेकर द्यायची.

चौथ्या माळेला सुनंदाचा दिवा हिरवा झाला. तिनं आनंदानं अशी किंकाळी फोडली की मालकांना वाटलं साप निघाला. मग गल्ली, मग पेठ, मग वेशीपलीकडची वस्ती. ज्याचा डेरा धरला त्यानं आपले कोळसे पुढच्याला द्यायचे. हौदाएवढ्या डेऱ्यासाठी कामगार घमेलं घेऊन माझ्या दारात आले. माझ्याशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या बायकासुद्धा परसदारानं वाटी घेऊन आल्या. मी प्रत्येकीला कोळसा दिला आणि प्रत्येकीला दोन शब्द सुनावले. फुकट कशाला द्यायचं?

सातव्या माळेला दुपारी सभा. ईश्वरी ओली बाळंतीण, ती घरातनंच सभागृहाच्या पडद्यावर बसली. मी मात्र गेले. सभागृहात देव नाही, मला कोण अडवतंय? बायकांनी गॅलरी भरली होती. दाराशी बाबासो पिराळे भेटले. "नमस्कार शालनकाकू," म्हणून लगबगीनं पुढं गेले. मी नमस्कार केला आणि दीर्घ श्वास घेतला.

बाबासो बोलायला चांगले. म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो, ज्या योजनेचा एका घरकामात मुडदा पडतो ती योजना गावाला कशाला? आता म्हणे विरजण लावलंय. मी तर एकही पेटलेली शेगडी बघितली नाही. माझ्या स्वतःच्या घरात सात दिवस शेगडी थंड आहे. म्हणून माझी मागणी आहे की खड्डा..."

"बाबासो," मी गॅलरीतनं म्हणाले, "जेवलात काय?"

ते थांबले. "काकू, सभा चाललीय."

"चालू दे की. जेवलात काय ते विचारतेय. गावच्या माणसाला विचारू नये?"

"जेवलो."

"काय होतं?"

नगराध्यक्षांनी घंटी वाजवली. पण त्या बाईमाणूस. घंटी एकदाच वाजवली आणि त्याही कान देऊन बसल्या.

"शेपूची भाजी होती," मी म्हणाले. "दाराशी भेटलात तेव्हाच वास आला. तुम्ही लहानपणी शेपू बघितला की झाडावर चढून बसायचा, तुमच्या आईला मी बघितलंय खाली काठी घेऊन उभी. मग आज कसा काय खाल्लात? परवा तुमची बायको उज्ज्वला माझ्याकडं परसदारानं वाटी घेऊन आली होती. घरी जाऊन परसात बघा, हिरवा दिवा दिसेल."

सभागृहात जो हशा पिकला तो पडद्यावरच्या बाळालाही ऐकू गेला असावा, ते दचकलं. बाबासो लाल झाले. पाणी प्यायले. मग त्यांनाच हसू आवरेना.

"ती मला म्हणाली," ते म्हणाले, "शेपू पित्ताला चांगला."

मत घ्यायची गरजच पडली नाही. विषय त्यांनीच मागं घेतला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदानं तर शिट्टी वाजवली. या वयात!

पण मुख्याधिकारी तरुण आणि विचारी माणूस. ते उठून म्हणाले, "हे ठीक झालं. पण पुढल्या वर्षी पुन्हा नवरात्र येणार. पुन्हा घरं निघणार. तेव्हा काय?"

"डेरा धुवू नका म्हणून सांगा," कुणीतरी म्हणालं.

"सांगून उपयोग नाही," मी म्हणाले. "एकदा घर काढायला घेतलं की हात डेऱ्यापाशी थांबत नाही. माझा थांबणार नाही, माझी मला खात्री आहे. दुसऱ्यांची मी कशी देऊ?"

तेव्हा पडद्यावरून ईश्वरी बोलली. आवाज अजून अशक्त होता, पण गॅलरीपर्यंत पोचला. ती म्हणाली, प्रत्येक गल्लीत एक घर राखीव ठेवायचं. त्या घरानं नवरात्राआधी घर काढायचंच नाही. फिनेल नाही, उकळतं पाणी नाही, माळ्याला हात नाही. बाकी सगळ्यांचे डेरे चुकून मेले तरी त्या एका घरातनं गल्ली पुन्हा उभी राहील. "जसं या वर्षी आमच्या घरातनं राहिली," ती म्हणाली.

बोलणं सगळ्यांना पटलं. मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "तांबट गल्लीतनं कुणाचं घर लिहू?"

आणि जी सभा मघाशी हसत होती ती एकदम इकडंतिकडं बघायला लागली. सोयर असलं तर गोष्ट वेगळी. पण काही कारण नसताना, भर नवरात्रात, न झाडलेल्या घरात घट बसवायचा? सगळ्या गल्लीच्या देखत? सुनंदा छताकडं बघायला लागली. उज्ज्वला पिराळे पदराशी चाळा करायला लागली. एकेकीकडं बघत बघत मुख्याधिकाऱ्यांची नजर फिरली. पडद्यावर ईश्वरी खाली बघत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मागायचं नाही, असं ठरवूनच बसली होती ती.

मी उभी राहिले.

"माझं लिहा," मी म्हणाले. "शालन तोडकर, तांबट गल्ली. हे वर्ष नव्हे नुसतं, दर वर्षी."

गॅलरीत कुणीतरी "काय!" म्हणालं. ती सुनंदाच असणार.

"पण एक अट," मी म्हणाले. "दारावर नगरपरिषदेनं पाटी लावायची. मोठ्या अक्षरांत, रस्त्यावरून वाचता येईल अशी. 'हे घर नगरपरिषदेच्या आदेशावरून झाडलेलं नाही.' खाली तुमची सही आणि शिक्का. उद्या कुणी माझ्या मागं काही बोललं तर पाटीकडं बोट दाखवता आलं पाहिजे."

मुख्याधिकाऱ्यांनी गंभीर चेहऱ्यानं लिहून घेतलं. ठरावाला अनुमोदन बाबासो पिराळ्यांनी दिलं.

पडद्यावर ईश्वरी हसत होती की रडत होती, ते मला चष्मा असून नीट कळेना. बाळ जागं होऊन तिच्या मांडीवर हातपाय झाडत होतं आणि ती पोट धरून डुलत होती. इतकं हसू नये बाळंतिणीनं, टाके दुखतात. मी तिला तिथल्या तिथं, भर सभेत, दटावलं.